पाठीमागची शिवण

४ जानेवारी

प्रिय छबू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी चष्मा शोधायलाही थांबले नाही, तसंच डोळ्यांजवळ धरून वाचलं. संचालिका! एवढा मोठा गायनवृंद, आणि त्याच्यापुढे उभी राहून हात हलवणार आपली छबू! शेजारीण जिन्यातच भेटली. तिला म्हटलं, "माझी भाची कंडक्टर झाली." तर म्हणाली, "अगं बाई! कोणत्या मार्गावर?" गायनवृंद म्हणजे काय ते मी समजावून सांगेपर्यंत तिच्या हातातली भाजीची पिशवी दोनदा या हातातून त्या हातात गेली.

तुझी आई मात्र बातमी ऐकताच उठली आणि घरातले सगळे पडदे धुवायला काढले. ताईला फार आनंद झाला किंवा फार काळजी वाटली, की ती धुणं काढते. यातलं नेमकं काय, ते एका घरात राहूनही मला अजून ओळखता येत नाही.

आता मुद्द्याचं. कार्यक्रमाच्या दिवशी तू मी शिवलेला कोट घालायचा. आणि तोही असातसा नाही, कात्रीबाईचा! तुला ती गोष्ट पाठ आहे, तरी सांगते, कारण मला सांगायला आवडते. दातांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसायचे. पेशंटसाठी ठेवलेल्या मासिकात एक दिवस या थोर डिझायनरबाईचा फोटो दिसला. नाव परक्या भाषेतलं, माझ्या जिभेला न झेपणारं. पण गळ्यात दोरीला कात्री अडकवलेली, म्हणून आपण तिला कात्रीबाई म्हणायला लागलो. इतर डिझायनर नट्यांना नटवतात. ही शिवायची ती कारखान्यात, पोस्टात, स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांसाठी. खिसे असे की हात मनगटाच्या वर आत जावा. ते पान मी डॉक्टरांना विचारून फाडून घेतलं, आणि तेव्हापासून नुसती चित्रं बघून तिचे कपडे शिवत आले. तुझ्या आईचा निळा झगा, माझा दवाखान्याचा अंगरखा, सगळे तिचेच. म्हातारी झाली आता, काम थांबवलंय म्हणे. पण माझ्या मशीनवर तिचं दुकान चालू आहे.

मापं पाठव. सगळी.

तुझी मावशी


१६ जानेवारी

प्रिय मावशी,

कोट हवाच. तुला नाही म्हणायची माझी काय हिंमत!

पण आधी थोडं ऐक. आमचे सर निवृत्त होतायत, म्हणून मे महिन्यातला मोठा कार्यक्रम माझ्याकडे आला. नगर सभागृहात, खाली खुर्च्या आणि वर बाल्कनी. आता यातली गंमत बघ. गाणारे माझ्याकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे बघणाऱ्यांकडे माझी पाठ. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत.

माझी पाठ, मावशी! डॉक्टरांनी एक्स-रेवर पेन्सिल फिरवून जिचा 'एस' काढून दाखवला होता ती. डावा खांदा खाली, उजवीकडे फुगवटा. शाळेत तिला पट्टा बांधला, कॉलेजात सैल शर्ट घातले, आणि शिक्षकांच्या खोलीत मी आजही भिंतीजवळची खुर्ची धरते.

तेव्हा साधा, काळा, कुणाचं लक्ष जाणार नाही असा कोट शिव. मापं सोबत आहेत. पाठीचं माप घेतलेलं नाही. ते तू अंदाजानं धर.

तुझी,
छबू


११ फेब्रुवारी

प्रिय छबू,

पार्सल आजच टाकलं. उघडताना कात्री लावू नकोस, दोरा ओढ.

स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण सांगते, असा कोट मी आजवर शिवला नव्हता. कॉलर दोनदा उसवली. बाहीचा मुंढा बसेना, तेव्हा कागद नव्याने कापला. मासिकातल्या चित्रासमोर धरून बघितला, तर ताई म्हणाली, "यातला फोटोतला कुठला आणि तुझा कुठला?" ताईच्या तोंडून असं काही निघणं म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहेच.

डाव्या खांद्यात आतून गादी घातली आहे, चांगली जाड. उजव्या बाजूला अस्तराखाली कडक कॅनव्हास. अंगात घातलास की पाठ पट्टीने आखल्यासारखी दिसेल. कुणाला काही कळणार नाही.

मावशी


२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कोट मिळाला. छान आहे. सगळ्यांना आवडला. तू किती मेहनत घेतलीस! सराव जोरात चालू आहे, म्हणून आज एवढंच.

छबू


२ मार्च

छबूबाई,

"छान आहे." बरं. कॉलर कशी बसली? बटणं कुठवर आली? बाही मनगटावर थांबते की हातावर उतरते? एवढं मोठं पार्सल, आणि त्याचं उत्तर औषधाच्या चिठ्ठीएवढं! लहानपणी तुला दात दुखतोय का विचारलं की तू अशीच "छान आहे" म्हणायचीस, आणि मग गाल सुजून यायचा.

खरं काय ते लिही. मी रडणार नाही. रडलेच तर शिवता शिवता रडेन, कपड्याला कळणारही नाही.

एक बातमी. आपल्या इथल्या संग्रहालयात कात्रीबाईच्या कपड्यांचं प्रदर्शन येतंय. खरे कपडे, चित्रं नव्हेत! तिकीट काढून ठेवलंय. ताईलाही ओढून नेणार आहे.

मावशी


१० मार्च

प्रिय मावशी,

पकडलंस. ऐक तर मग.

कोट घालून पहिल्याच सरावाला उभी राहिले. हात वर घेतले, सुरुवातीची खूण द्यायच्या बेतात होते, तर अर्धा वृंद आधीच गायला लागला. मला कळेना असं का झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आमचा एक खर्जातला गायक आहे, पेशाने पोस्टमन. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही हाताकडे बघायचं की खांद्याकडे?" मी हात उचलला की आतली गादी हाताच्या आधी उडत होती, थेट कानापर्यंत. सगळे हसले. मीही हसले. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, खरंच.

पण कोट काढून नुसत्या शर्टात उभी राहिले आणि मनात आलं, सरावालाच हे, तर सभागृहात काय? आता मी भिंतीला पाठ टेकवून सराव घेते. वृंद अर्धगोल करून उभा केलाय. त्यांना वाटतं, ही काही नवी पद्धत आहे.

सरांना विचारलंय, हा कार्यक्रम तुम्हीच कराल का. अजून उत्तर आलं नाही. कोट परत पाठवतेय. तुझं काही चुकलं नाही, मावशी. जे झाकायचं होतं तेच मोठं निघालं.

छबू


२४ मार्च

छबू,

तुझं पत्र वाचून ठेवून दिलं होतं. काल प्रदर्शन बघून आले आणि आता हात थांबत नाहीये.

मोठं दालन. मधोमध लाकडी स्टँडवर कपडे, सगळ्या बाजूंनी फिरून बघता यावेत असे. तिसऱ्याच स्टँडवर आपला कोट! त्या मासिकातल्या पानावरचा. मी समोरून बघितला. ओळखीचा, माझ्या हाताखालून गेलेला. मग मागे गेले, आणि तिथेच खिळले.

छबू, पाठीमागची शिवण सरळ नाहीये. मानेखालून निघते, एका बाजूला झुकते, मग कमरेपाशी परत येते. आणि ती लपवलेली नाही. राखाडी कापडावर लाल दोऱ्याची दुहेरी टीप, दालनाच्या दारातून दिसावी अशी. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं की हा कोट तिनं सगळ्यात आधी शिवला तो स्वतःच्या कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या बाईसाठी. जन्मभर जड इस्त्री एकाच हातानं चालवून त्या बाईचा एक खांदा उतरला होता. कात्रीबाईनं खांदा वर नाही उचलला. कापड खाली आणलं.

आणि मी! इतकी वर्षं तिची भक्त म्हणवते, आणि तिच्या प्रत्येक कपड्याची पाठ मी मनानं ठोकून दिली, कारण मासिकवाले पुढूनच फोटो छापतात. शिवण नीट बघायला मी एवढी वाकले की धोक्याची घंटाच वाजली. पहारेकरी धावत आला. ताई लगेच दोन स्टँड पलीकडे जाऊन उभी राहिली, माझी तिची ओळखच नसल्यासारखी.

मग ती परत आली. त्या कोटाच्या मागे बराच वेळ उभी होती. म्हणाली, "हे घालायला त्या बाईला लाज नाही वाटली?" मी पाटीकडे बोट दाखवलं. थोड्या वेळानं तिचं तीच म्हणाली, "कोट मात्र झोकात आहे."

आता तुला सांगायला हरकत नाही, खांद्यात गादी घाल हे ताईनंच बजावलं होतं. मीही मान डोलावली. आम्हा दोघींनाही तुझ्यावर कुणी बोट ठेवू नये असं वाटत होतं, दुसरं काही नाही.

तुझा परत आलेला कोट उलटा करून खिडकीत धरला. अस्तराच्या सुरकुत्या बघितल्या. कुठे ओढ बसते, कुठे कापड फुकट पडून आहे, सगळं लिहून ठेवल्यासारखं दिसतंय. मी नवा शिवते. गादी नाही, कॅनव्हास नाही. पाठीमागची शिवण तुझ्या कण्याच्या वाटेनं जाईल, आणि तिच्यावर टीप मारेन ती दिसेल अशी. गडद निळं कापड, पिवळा दोरा.

मावशी


१ एप्रिल

मावशी,

सरांचं उत्तर आलं. "मला सुट्टी हवी आहे आणि वृंदाला तू हवी आहेस." म्हणजे ते दार बंद.

आणि आता तुझं हे पत्र. तू सरळ सांग, पूर्ण सभागृहापुढे माझ्या कण्याचा नकाशा लावायचा तुझा विचार आहे? तोही पिवळ्या दोऱ्यानं? त्या इस्त्रीवाल्या बाईला शेकडो लोकांकडे पाठ करून उभं राहायचं नव्हतं. तिचा कोट छान म्हणायला सोपं आहे, ती आता काचेमागची गोष्ट झाली. मला उद्या शाळेत वर्गावर जायचं असतं.

लोकांनी गाणं ऐकावं. मला बघू नये. एवढंच मागितलं होतं.

नवा कोट शिवू नकोस. मी दुकानातून काहीतरी सैल घेईन.

छबू


६ एप्रिल

प्रिय छबू,

काच नव्हती, साधी दोरी होती. पण ते असू दे.

चिडलीस ते बरं झालं. "छान आहे" पेक्षा हे पत्र मला कितीतरी आवडलं. चांगलं दोन्ही बाजूंनी लिहिलंयस.

नवा कोट शिवत नाहीये. सोबत पाठवलाय तो कोट नव्हे, जुन्या चादरीचा कच्चा खाका आहे, नुसते टाके घातलेला. चादरीवर कसला राग धरायचा? दार लावून अंगात घाल आणि हात वर कर, जसे कार्यक्रमात करशील तसे. बगलेत मी वेगळी कळी, म्हणजे हात मोकळा हलावा म्हणून जास्तीचा तुकडा, लावली आहे, ओढ बसते का ते बघ. मग ज्या कुणावर तुझा विश्वास असेल, तिला सोबतच्या खडूनं तुझ्या कण्यावरून मानेपासून कमरेपर्यंत रेघ ओढायला सांग.

रेघ ओढावीशी वाटली नाही, तर चादरीची फरशी पुसायची फडकी कर. कापड सुती आहे, पाणी चांगलं टिपेल.

मावशी


१५ एप्रिल

प्रिय मावशी,

चादर चार दिवस खुर्चीवर पडून होती. मी तिच्यावर वह्या ठेवत होते.

शनिवारी सरावानंतर सगळे गेले. आमची पियानो वाजवणारी मागे राहिली, ती नेहमीच झाकण पुसून मग निघते. फार कमी बोलते. मी पिशवीतून चादर काढली, अंगात घातली आणि तिला खडू दिला. काय करायचं ते सांगितलं. तिनं "का?" विचारलं नाही. "हात वर घ्या," म्हणाली.

मी हात वर घेतले. मावशी, ते नुसते वर गेले. काही ओढलं नाही, काही उडालं नाही. मला आधी वाटलं टाकेच उसवले. मी उगाचच पहिलं गाणं सुरू केलं, रिकाम्या खोलीत, गायक नसताना. ती मागे उभी होती. खडू मानेखालून निघाला, डावीकडे गेला, मग उजवीकडे वळून हळूहळू खाली आला. पट्टा बांधणारे सोडले तर त्या वाटेनं आजवर कुणाचा हात गेला नव्हता. "आता खाली. पुन्हा वर. हं, रेघ बरोबर बसलीय," एवढंच ती म्हणाली, आणि हात झटकून पर्स उचलली.

घरी येऊन चादर टेबलावर पसरली. ही रेघ मी फक्त एक्स-रेवर बघितली होती, आणि एक्स-रे बघताना शेजारी नेहमी कुणीतरी सुस्कारा सोडायचं. टेबलावर कुणी सुस्कारा सोडणारं नव्हतं. मी बराच वेळ बघत बसले. चांगली रेघ आहे गं. नदी नकाशावर जाते तशी आपल्या तंद्रीत गेलेली.

खाका परत पाठवतेय. खडू पुसला जाऊ नये म्हणून वर टाके घातलेत. वाकडे आहेत, हसू नकोस. मला शिवता येत नाही.

दोरा पिवळाच ठेव. सोबत दोन प्रवेशपत्रिका, तुझी आणि आईची.

छबू


२९ एप्रिल

प्रिय छबू,

कोट पाठवतेय. तुझे टाके बघून हसले नाही. अगदी तुझ्या टाक्यांवरूनच मशीन चालवलं.

शेवटची टीप मारायला बसले आणि सुई कापडावर टेकवून थांबले. कापड निळं, दोरा पिवळा, चुकलं तर लपणार नाही. मग विचार केला, तिकडे कात्रीबाईचाही हात लाल दोऱ्यापाशी थोडा थांबला असेल की! आजवर मी तिच्या कपड्यांची नक्कल केली, ती काय म्हणत होती ते या कोटात पहिल्यांदा ऐकू आलं. एका दमात टीप पूर्ण केली. मशीन थांबलं तेव्हा ताई दारात उभी होती. तिनं कोट घेतला, पाठ उजेडाकडे धरली, आणि स्वतः इस्त्री केली. मला हात लावू दिला नाही.

आम्ही दोघी येतोय. परतीची गाडी लगेच आहे, त्यामुळे कार्यक्रमानंतर फार वेळ मिळणार नाही.

मावशी


२० मे

माझ्या लाडक्या संचालिकेस,

गाडीची घाई झाली आणि तुला डोळे भरून बघताही आलं नाही, म्हणून आता लिहिते.

तू चालत येऊन आमच्याकडे पाठ केलीस तेव्हा ताईनं माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी रुतली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा तुझे हात वर होते, आणि कोट तुझ्याबरोबर वर गेला होता, पाण्यासारखा. ती पिवळी शिवण दिव्यात चमकत होती. संथ गाण्यात ती श्वास घेतल्यासारखी हलायची, आणि जलद गाण्यात... ते मला लिहून सांगता येणार नाही. लोक बघत होते का? बघत होते की! तुला बघू नये अशी तुझी इच्छा होती, ती काही पुरी झाली नाही. पण थोड्या वेळानं ते बघून ऐकायला लागले. शिवण वळली की सूर वळायचा.

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मध्यंतरात बायकोला विचारलं, "हा कोट कोणी केला असेल?" मी एरवी अनोळखी माणसाशी बोलत नाही. त्या दिवशी म्हटलं, "मी." आणि मग, खोटं नको म्हणून, "आराखडा एका फार मोठ्या बाईंचा आहे, पाठ माझ्या भाचीची आहे, शिलाई माझी." त्यांनी उठून हात मिळवला.

छबू, मी आयुष्यात पुष्कळ शिवलं. पण या एका कोटासाठी मला कुणी कारागीर म्हटलं तर मी नको म्हणणार नाही.

मावशी


२७ मे

प्रिय मावशी,

तू कारागीर आहेस. घे, म्हटलं.

माझ्याकडूनही थोडं. सुरुवातीची खूण देण्याआधी सभागृह शांत होतं ना, तो क्षण मला सगळ्यात भीतीचा वाटायचा. एवढे डोळे पाठीवर! त्या दिवशी ते खरंच जाणवले, पण ऊन पडल्यासारखे. मग पोस्टमनदादांनी माझ्या हाताकडे बघत श्वास घेतला, सगळ्यांनी घेतला, आणि सगळे एकदम, बरोबर वेळेवर आत आले. त्यानंतर मला पाठ होती हेच मी विसरले. पुढच्या वर्षीचा कार्यक्रमही मीच करणार आहे. यावेळी मी सरांना काही विचारलं नाही.

पण ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते वेगळंच आहे. तुझं लक्ष होतं की नाही कोण जाणे, तू गाडीची तिकिटं शोधत होतीस.

शाळेच्या वाटेवर आई कायम माझ्या मागून चालायची, अगदी पाठीला लागून. बाजारात, लग्नाकार्यात, दवाखान्याच्या जिन्यात, सगळीकडे. मला वाटायचं, तिची चालच हळू आहे. पट्टा सुटल्यावर केव्हातरी एकदा समजलं, ती मला झाकत होती. तिला मी ते कधी बोलून दाखवलं नाही. मोठी झाल्यावरही ती दोन पावलं मागेच राहायची, आणि मीही राहू द्यायचे.

त्या दिवशी कार्यक्रम संपला आणि आपण तिघी बाहेर निघालो. दारात ही गर्दी! मी कोट काढून हातावर घेणार होते, तर आईनं माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे अंगात," म्हणाली. मी सवयीनं थांबले, तिला मागे जाता यावं म्हणून. ती गेली नाही. ती पुढे झाली. पर्स छातीशी धरून त्या गर्दीत शिरली, आणि मला तिचा आवाज ऐकू येत होता, वर्गात पोरांना गप्प करायला मी लावते त्याहून मोठा:

"जरा वाट द्या. मागून माझी मुलगी येतेय."

तुझी,
छबू